कार्यानुभवाकडून कौशल्याकडे : माध्यमिक शाळेतील हाताच्या कामाची चिकित्सा

प्रस्तावना

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्याला व्यवसायाची ओळख केवळ पुस्तकातून न होता प्रत्यक्ष कामातून व्हावी, हा विचार आपल्या शिक्षणव्यवस्थेला नवा नाही. १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेपासून २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणापर्यंत प्रत्येक पिढीत तो नव्या नावाने मांडला गेला आहे. मूलोद्योग, कार्यानुभव, समाजोपयोगी उत्पादक कार्य, पूर्वव्यावसायिक शिक्षण आणि आता कौशल्यशिक्षण, अशी ही नामावली आहे. जो विचार पुनःपुन्हा मांडावा लागतो, तो एक तर मुळात चुकीचा असतो, किंवा मांडला जाऊनही व्यवस्थेत रुजत नसतो. प्रस्तुत लेखात दुसरी शक्यता गृहीत धरली आहे. विचार योग्य आहे. परंतु शाळेच्या चौकटीत शिरताना त्यातील काम नाहीसे होते आणि कामाची नोंदवही तेवढी उरते. असे का घडते, याचा शोध घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

या शोधासाठी तीन प्रश्न निकष म्हणून वापरले आहेत. शाळेत केले जाणारे काम कोणाच्या गरजेसाठी आहे? त्यातील चूक कोण दाखवून देते? आणि ते कोणाच्या मुलांनी करावयाचे असते? पहिल्या दोन प्रश्नांवरून काम शैक्षणिक आहे की नाही हे ठरते. तिसऱ्यावरून ते न्याय्य आहे की नाही हे कळते. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या आयुष्याची दिशा ज्या वयात ठरू लागते, त्या वयाशी हे प्रश्न निगडित असल्याने त्यांची चिकित्सा केवळ अभ्यासक्रमापुरती मर्यादित राहू शकत नाही.

कामाचे बदलते अर्थ

ऑक्टोबर १९३७मध्ये वर्धा येथे भरलेल्या परिषदेनंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सात वर्षांच्या मूलोद्योग शिक्षणाचा आराखडा तयार केला. त्यातील वेळेची विभागणी पाहण्यासारखी आहे. साडेपाच तासांच्या शालेय दिवसापैकी ३ तास २० मिनिटे मूलोद्योगासाठी राखली होती. मातृभाषेला ४० मिनिटे होती. गांधीजींच्या मूळ कल्पनेत हस्तव्यवसाय हा अभ्यासक्रमातील एक विषय नसून सर्व विषयांचे माध्यम होता. विद्यार्थ्यांच्या उत्पादनातून शिक्षकाचे वेतन निघावे, अशीही अपेक्षा त्यामागे होती. या अपेक्षेला परिषदेतच विरोध झाला. शाळेतील माल बाजारात आला तर तो गरीब कारागिरांशी स्पर्धा करील, असा प्रा. के. टी. शहा यांचा आक्षेप होता. स्वतः झाकीर हुसेन समितीनेही इशारा दिला की, आर्थिक बाजूवर भर पडला तर शिक्षक मुलांकडून अधिकाधिक श्रम काढून घेण्याच्या मागे लागेल आणि कामाचा शैक्षणिक हेतू मागे पडेल.

हा इशारा महत्त्वाचा आहे. परंतु नई तालीमची एक बाजू त्यामुळे झाकली जाऊ नये. तकलीवर सूत काढणाऱ्या मुलाला आपली चूक गुरुजींनी सांगण्यापूर्वीच कळते, कारण सूत तुटते. पीळ कमी पडला, पेळू नीट झाला नाही, हात घाईने चालला, हे सारे धागाच सांगतो. चुकीचा न्यायनिवाडा येथे वस्तूकडे असतो, व्यक्तीकडे नसतो. कामातून होणाऱ्या शिक्षणाचे हे सर्वांत मोठे बळ होय.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी जी 'कमवा व शिका' ही पद्धत रुजवली, तिच्यात कामाचा अर्थ काहीसा निराळा होता. १९१९मध्ये स्थापन झालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांत मुले आपल्या शिक्षणाचा खर्च भागविण्यासाठी श्रम करीत. तेथे काम हे शिक्षणाचे माध्यम नव्हते, शिक्षणाचे मोल होते. मात्र ज्या साताऱ्याच्या वसतिगृहास १९२७मध्ये छत्रपती शाहू यांचे नाव देण्यात आले, तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि तेच काम एकत्र करीत. आपल्या तिसऱ्या प्रश्नाला इतके स्पष्ट उत्तर त्यानंतरच्या शासकीय योजनांत क्वचितच आढळते.

स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने (१९६४–६६) 'कार्यानुभव' ही संकल्पना पुढे आणली. पुढे १९७७मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने तिला 'समाजोपयोगी उत्पादक कार्य' असे रूप दिले. दोन्ही दस्तऐवजांतील विचार उदार आहे. व्यवहारात मात्र काम हा वेळापत्रकातील एक तास झाला. खडू तयार करणे, मेणबत्त्या ओतणे, कागदी फुले करणे, पुठ्ठ्याच्या फायली शिवणे हे कार्यानुभवाचे परिचित रूप महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी पाहिले आहे. त्या खडूंनी त्याच शाळेच्या फळ्यावर लिहिले गेले असते, तरी काही साधले असते. बहुधा तसे होत नसे. वस्तू प्रदर्शनाच्या टेबलावर मांडली जाई, तिला श्रेणी मिळे आणि तिचे प्रयोजन संपे. ती बाजारातून विकत आणली तरी चालत असे, कारण तिची गरज गुणपत्रकाखेरीज कोणालाही नव्हती. ज्या कामाला ग्राहक नाही, त्यातील चूक दाखवून देणाराही कोणी नसतो.

पालकांचा संशय

हाताच्या कामाला शाळेत स्थान मिळत नाही, याचे खापर सामान्यतः पालकांच्या पांढरपेशा मनोवृत्तीवर फोडले जाते. 'आमच्या मुलाच्या हातात खुरपे नको, पेन हवे,' असे म्हणणाऱ्या पालकास श्रमप्रतिष्ठेचे महत्त्व कळत नाही, असे शिक्षणविषयक लेखनात वारंवार सुचविले जाते. हे निदान अपुरे आहे. बलुतेदारीच्या समाजात माणसाचे काम जन्माने ठरलेले होते. सुताराचा मुलगा सुतारकाम शिके ते शाळेत नव्हे, घरी. आणि चर्मकाराच्या मुलाला त्या कामातून सुटण्याची मुभा नव्हती. अशा समाजात शाळा हे काम शिकण्याचे नव्हे, तर नेमून दिलेल्या कामातून बाहेर पडण्याचे दार होते. त्या दारातून आत गेल्यावर पुन्हा तेच काम समोर ठेवले जात असेल, तर पालकाने संशय घेणे स्वाभाविक होय.

या संशयाला इतिहासाचा आधारही आहे. १९५३मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांच्या सरकारने प्राथमिक शिक्षणाची सुधारित योजना आणली. तीनुसार मुलांनी दिवसाचा काही भाग शाळेत आणि उरलेला भाग घरचा व्यवसाय शिकण्यात घालवावयाचा होता. शाळांची कमतरता हे त्यामागील प्रशासकीय कारण असेल. परंतु विरोधकांनी तिला 'कुलकल्वी' म्हणजे कुळाच्या धंद्याचे शिक्षण असे नाव दिले. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिच्याविरुद्ध आंदोलन केले आणि १९५४मध्ये कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती मागे घेण्यात आली. २०१६मध्ये बालकामगारविषयक कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा चौदा वर्षांखालील मुलांच्या श्रमावर बंदी घालतानाच शाळेच्या वेळेनंतर व सुटीत घरच्या उद्योगात मदत करण्यास अपवाद म्हणून मोकळीक ठेवण्यात आली. 'मदत' आणि 'मजुरी' यांतील सीमारेषा कोण आखणार, हा १९५३चा प्रश्न आजही मिटलेला नाही.

यासंदर्भात महात्मा जोतीराव फुले यांचे १८८२चे हंटर आयोगापुढील निवेदन पुन्हा वाचण्याजोगे आहे. प्राथमिक शिक्षणात मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, नीती आणि आरोग्य यांबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, अशी मागणी त्यांनी केली. शेतकऱ्याच्या मुलाला शेतीचे ज्ञान द्या असे सांगणाऱ्या फुल्यांनी ते हिशेबाच्या ऐवजी किंवा इतिहासाच्या ऐवजी मागितले नाही; त्यांच्या जोडीने मागितले. ही जोड महत्त्वाची आहे. काम शिकविल्याने शिक्षण हीन होत नाही. काम शिकवून बाकीचे शिक्षण काढून घेतले, तर ते हीन होते. राजगोपालाचारींच्या योजनेतील दोष नेमका हाच होता.

पाबळचा प्रयोग

वरील तीन प्रश्नांच्या कसोटीवर महाराष्ट्रातील ज्या प्रयोगाचा सर्वाधिक गंभीरपणे विचार करावा लागतो, तो पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यातल्या पाबळ येथील विज्ञान आश्रमाचा होय. डॉ. श्रीनाथ शेषगिरी कलबाग (निधन २००३) यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात पदवी संपादन केली होती आणि पुढे हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केले होते. ते सोडून १९८३मध्ये त्यांनी भारतीय शिक्षण संस्थेचे केंद्र म्हणून विज्ञान आश्रमाची स्थापना केली. मूल भाषा वापरून शिकते, तसेच विज्ञानही करून शिकावे आणि शाळेची प्रयोगशाळा म्हणजे सारे गाव असावे, अशी त्यांची धारणा होती.

या धारणेतून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा आठवी ते दहावीसाठीचा कार्यक्रम सिद्ध झाला. आठवड्यातील एक दिवस त्यासाठी असतो. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे त्याचे चार विभाग आहेत. प्रत्येक विद्यार्थी, मग तो मुलगा असो वा मुलगी, चारही विभागांतून जातो. शिकविणारा निदेशक शक्यतो त्याच परिसरातील, ते काम प्रत्यक्ष जाणणारा असतो. सर्वांत महत्त्वाची बाब अशी की, विद्यार्थ्यांनी केलेले काम शाळेला किंवा गावाला लागणारी सेवा असावी, अशी अपेक्षा असते. महाराष्ट्र राज्य माध्यमिक शिक्षण मंडळाने या कार्यक्रमास पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली.

या रचनेचे शैक्षणिक मोल एका साध्या उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, शाळेच्या व्हरांड्यासाठी लोखंडी अँगलचे बाक तयार करावयाचे आहेत. अँगल सहा मीटर लांबीचा मिळतो आणि पायासाठी ४५ सेंटीमीटरचे तुकडे हवे आहेत. गणिताच्या तासाला याचे उत्तर सरळ आहे : ६०० भागिले ४५, म्हणजे १३ तुकडे आणि बाकी १५ सेंटीमीटर. कार्यशाळेत मात्र प्रत्येक काप धातू खातो. काप तीन मिलिमीटरचा धरला, तर १३ कापांत सुमारे ४ सेंटीमीटर जातात आणि उरतात ११. भागाकारातील 'बाकी' या शब्दाला येथे प्रथमच अर्थ येतो, कारण त्या बाकीचे करायचे काय, हा पैशाचा प्रश्न असतो. एखादा तुकडा अर्धा सेंटीमीटर आखूड झाला, तर बाक डुगडुगतो. ही चूक लाल शाईने दाखवावी लागत नाही. त्यावर बसणारा ती दाखवितो. पुढे साहित्य, वीज, वेल्डिंग रॉड, श्रम आणि यंत्राची झीज धरून बाकाची किंमत काढावयाची असते. तीन महिन्यांनी त्याच व्हरांड्यात बसलेला विद्यार्थी आपण केलेल्या कामाला रोज सामोरा जातो. कागदी फुलाला हे भाग्य लाभत नाही.

हेच पायाच्या आखणीबाबत म्हणता येईल. गवंडी दोरीने ३, ४ आणि ५ फुटांचा त्रिकोण जुळवून काटकोन साधतो. नववी-दहावीच्या वर्गात पायथागोरसचा सिद्धान्त पाठ करणारा विद्यार्थी त्या दोरीचे एक टोक धरून उभा राहतो, तेव्हा गवंड्याच्या हातातील ज्ञान आणि पुस्तकातील ज्ञान एकच आहे हे त्याला उमगते. गवंड्यालाही त्यामागील कारण समजण्याची शक्यता निर्माण होते. श्रमप्रतिष्ठा ही भाषणातून येत नाही. ज्याला आपण अशिक्षित समजत होतो, त्याला आपल्यापेक्षा एखादी गोष्ट अधिक अचूक येते, या अनुभवातून ती येते.

तिसऱ्या प्रश्नासंदर्भात पाबळच्या रचनेचे एक वैशिष्ट्य पुरेसे लक्षात घेतले गेलेले नाही. वेल्डिंग, विजेची जोडणी, माती-परीक्षण, रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी ही कामे बलुतेदारीच्या यादीत नव्हती. त्यांना ठरावीक जात नाही. शिवाय प्रत्येक मूल चारही विभाग करीत असल्याने, कोणतेही एक काम कोणा एकाच्या माथी मारले जात नाही. मुलगी वेल्डिंगचा मुखवटा लावते आणि मुलगा हिमोग्लोबिन मोजतो. वर्गातील मुलींपैकी कितीजणींचे प्रमाण १२ ग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आहे हे त्याला स्वतः केलेल्या तपासणीतून कळते, तेव्हा घरात शेवटी कोण जेवते, हा प्रश्न गृहविज्ञानाचा न राहता समाजशास्त्राचा होतो. अर्थात, यामुळे जात किंवा लिंगभेद संपतो, असा दावा करता येणार नाही. परंतु 'घरचा धंदा' आणि 'शाळेचे काम' यांतील साखळी येथे तुटते, हे मान्य करावे लागेल.

पाबळच्या मर्यादा

पाबळच्या प्रयोगाचा गौरव पुष्कळ झाला आहे. २००२मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने तेथे उभी राहिलेली 'फॅब लॅब' ही त्या संस्थेबाहेरील पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक म्हणून जगभर ओळखली जाते. तथापि, गौरवामुळे चिकित्सा थांबू नये. या प्रयोगाचा शाळांमध्ये विस्तार होत असताना तीन अडचणी उभ्या राहतात आणि त्या व्यक्तींच्या नसून व्यवस्थेच्या आहेत.

पहिली अडचण मूल्यमापनाची. विषयास मान्यता मिळाली की परीक्षा आली आणि परीक्षा आली की प्रात्यक्षिकाची नोंदवही आली. बाक डुगडुगतो की नाही यापेक्षा त्याची आकृती वहीत आहे की नाही, याला महत्त्व येऊ लागते. मान्यता नसती तर शाळांनी हा विषय घेतला नसता. मान्यता मिळाल्यावर त्यातील काम पातळ होण्याचा धोका उद्भवतो. हा पेच कार्यानुभवाच्या वेळचाच आहे.

दुसरी अडचण निदेशकाच्या दर्जाची. ज्याला काम येते, तो शिक्षकांच्या हजेरीपटावर नसतो. मानधनावर, प्रकल्पाच्या मुदतीपुरता नेमलेला निदेशक शाळेत पाहुण्यासारखा वावरतो. विद्यार्थी फार चटकन ओळखतात की शिक्षकांच्या खोलीत कोणाला खुर्ची आहे आणि कोणाला नाही. हाताच्या कामाला प्रतिष्ठा द्या, असे शिकविणारी शाळा ते शिकविणाऱ्यालाच प्रतिष्ठा देत नसेल, तर विद्यार्थी दुसरा धडा शिकतात.

तिसरी अडचण 'ग्रामीण' या शब्दाची. हा कार्यक्रम ग्रामीण विकासाच्या प्रेरणेतून जन्मला, हे त्याचे सामर्थ्य आहे. पण त्यामुळेच शहरातील, विशेषतः इंग्रजी माध्यमाच्या आणि मोठे शुल्क घेणाऱ्या शाळांनी तो आपला मानला नाही. नई तालीमचे हेच झाले होते. सर्वांसाठी मांडलेली योजना खेड्यातील गरिबांची योजना झाली आणि शहरातील शाळा पूर्ववत चालू राहिल्या. कामाचे शिक्षण ज्या क्षणी 'त्यांच्या मुलांसाठी' ठरते, त्या क्षणी त्याचा शैक्षणिक अर्थ लोप पावतो आणि ते वर्गवारीचे साधन बनते.

२०२०चे धोरण : आकडे आणि आशय

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०ने शैक्षणिक व व्यावसायिक शाखांतील कठोर विभागणी नाकारली, ही स्वागतार्ह बाब आहे. सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना शाळा असावी आणि विद्यार्थ्यांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक जाणकारांबरोबर काम करावे, असे त्यात सुचविले आहे. २०२५पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाचा परिचय घडविण्याचे लक्ष्यही त्यात ठेवले होते. असे लक्ष्य प्रथमच ठेवले गेले असे मात्र नाही. १९८६च्या धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९०पर्यंत आणि २५ टक्के १९९५पर्यंत व्यवसायशाखेत असावेत, असे ठरविले होते.

२०२०च्या धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या आधारे एक तुलना दिली आहे. १९ ते २४ वयोगटातील औपचारिक व्यवसायशिक्षण मिळालेल्यांचे प्रमाण भारतात ५ टक्क्यांहून कमी, अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. हे आकडे वारंवार उद्धृत होतात. पण त्यांच्यामागील रचना क्वचितच सांगितली जाते. जर्मनीतील द्वैध पद्धतीत शिकाऊ उमेदवार आस्थापनेशी करार करतो, त्याला विद्यावेतन मिळते आणि आठवड्यातील काही वेळ तो व्यवसायशाळेत जातो. त्याचबरोबर तेथील बहुतेक राज्यांत चौथीनंतर, म्हणजे सुमारे दहाव्या वर्षी, मुलांची निरनिराळ्या प्रकारच्या शाळांत विभागणी होते. या विभागणीवर खुद्द जर्मनीत दीर्घकाळ टीका होत आली आहे. म्हणजे ७५ हा आकडा हवा असेल, तर त्याच्याबरोबर उद्योगांची जबाबदारी घ्यावी लागेल आणि लवकर होणाऱ्या विभागणीचा धोकाही तपासावा लागेल. आपल्याकडे जबाबदारी न घेता विभागणी तेवढी होण्याची शक्यता अधिक आहे, कारण विभागणीची सवय आपल्या समाजाला जुनी आहे.

याच मुद्द्यावर १९१५मध्ये अमेरिकेत जॉन ड्युई आणि डेव्हिड स्नेडन यांच्यात वाद झाला होता. व्यवसायशिक्षणाच्या शाळा स्वतंत्र असाव्यात, असे स्नेडन यांचे मत होते. ड्युई यांनी शिकागोतील आपल्या प्रयोगशाळेत विणकाम, सुतारकाम, स्वयंपाक यांना मध्यवर्ती स्थान दिले होते; तरीही स्वतंत्र शाळांना त्यांचा विरोध होता. व्यवसायासाठी शिक्षण आणि व्यवसायाद्वारे शिक्षण यांत ते भेद करीत. पहिल्यात मुलाला एखाद्या जागेसाठी घडविले जाते. दुसऱ्यात कामाच्या साहाय्याने त्याला जग समजावून दिले जाते. माध्यमिक स्तरावर दुसरा हेतू प्रधान असला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचेही मत आहे.

या दृष्टीने आज भारतात शेजारी शेजारी चालणाऱ्या दोन योजनांकडे पाहणे उद्बोधक ठरेल. २०१६पासून 'अटल टिंकरिंग लॅब' ही योजना सुरू झाली. निवडलेल्या शाळेस २० लाख रुपयांपर्यंतचे अनुदान, त्रिमितीय मुद्रक, रोबोटिक्सचे संच आणि सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी नवनिर्मिती करावी हा उद्देश, असे तिचे स्वरूप आहे. दुसरीकडे बहुकौशल्य पायाभूत अभ्यासक्रम आहे. त्याचा आशय पाबळच्या चार विभागांशी जवळचा आहे. दोन्हीकडे मुले हातानेच काम करतात. परंतु पहिल्या योजनेतील मुलाला 'भावी संशोधक' म्हटले जाते आणि दुसरीतील मुलाला 'कुशल मनुष्यबळ'. हात तेच, वय तेच. वचन मात्र निराळे. पाबळमध्ये संगणकनियंत्रित यंत्र आणि वेल्डिंगचे यंत्र एकाच आवारात होते आणि तेच मूल दोन्ही हाताळू शकत होते. धोरणांनी मात्र त्यांची दोन दालने केली.

दप्तराविना दहा दिवसांबाबतही एक प्रश्न विचारला पाहिजे. वर्गातील मुले कुंभाराच्या चाकावर हात लावून पाहण्यास जातील, तेव्हा त्याच वर्गात असलेल्या कुंभाराच्या मुलीने कोठे जावे? इतरांना जी गंमत वाटते, ती तिची रोजची संध्याकाळ असते. धोरणात 'लोकविद्या' हा आदराचा शब्द योजला आहे. तो आदर खरा असेल, तर तिच्या वडिलांना त्या दिवसांचे योग्य मानधन मिळेल, मातीच्या गुणधर्मांविषयी विज्ञानाचे शिक्षक त्यांच्याशी बोलतील, आणि ती मुलगी त्या दहा दिवसांत विजेची जोडणी किंवा रक्ततपासणी शिकण्यास जाईल. तसे न झाल्यास तो उपक्रम सहलीच्या पातळीवर राहील.

२०२३च्या शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात सजीवसृष्टीशी निगडित काम, यंत्रे व साहित्य यांच्याशी निगडित काम आणि मानवी सेवांशी निगडित काम असे तीन गट केले आहेत आणि प्रत्येक विद्यार्थ्याने तिन्ही अनुभवावेत, अशी अपेक्षा ठेवली आहे. ही मांडणी एका व्यवसायाच्या प्रमाणपत्रापेक्षा निश्चितच व्यापक आहे आणि पाबळच्या अनुभवाशी जुळणारी आहे. तिचे भवितव्य मात्र पुन्हा आपल्या तीन प्रश्नांवरच अवलंबून राहील.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) माध्यमिक शाळेतील कामाला खरा उपयोगकर्ता असावा. सुरुवात शाळेपासूनच करता येईल. शाळेतील नळ, दिवे, बाक, बाग, पाण्याची टाकी यांची देखभाल हा उपलब्ध अभ्यासक्रम आहे. मात्र अशा कामातील धोका, वेळ आणि वय यांच्या मर्यादा काटेकोरपणे पाळल्या जाव्यात व त्याचे रूपांतर फुकटच्या मजुरीत होऊ नये.

२) मूल्यमापन वहीचे नव्हे, वस्तूचे व्हावे. झालेली चूक आणि तिची दुरुस्ती यांचा वृत्तान्त देणाऱ्या विद्यार्थ्यास, निर्दोष वस्तू विकत आणणाऱ्यापेक्षा अधिक श्रेय मिळाले पाहिजे.

३) निदेशकाला हजेरीपटावर स्थान आणि नियमित वेतन द्यावे, तसेच गणित व विज्ञानाच्या शिक्षकांबरोबर एकत्र नियोजनाचा तास ठरवून द्यावा.

४) दहावीपर्यंत कोणत्याही विद्यार्थ्यास एका व्यवसायात बांधून टाकू नये. सर्वांनी अनेक कामे करावीत आणि ती भाषा, गणित, इतिहास यांच्या ऐवजी नव्हे, तर त्यांच्या जोडीने करावीत.

५) हा अनुभव शहरी, ग्रामीण, अनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित अशा सर्व शाळांना सारखाच लागू असावा. अधिक शुल्क भरणाऱ्याच्या मुलाला ज्यातून सूट मिळते, ते शिक्षण प्रतिष्ठित होऊ शकत नाही.

'करिअर' हा शब्द आज नववीच्या वर्गापर्यंत पोहोचला आहे. मार्गदर्शनाची शिबिरे, कलचाचण्या आणि माहितीपत्रके यांतून विद्यार्थ्याला शेकडो व्यवसायांची नावे कळतात. पण आपल्याला काय येते, काय आवडते आणि आपण केलेल्या गोष्टीचा कोणाला उपयोग होतो, याचे उत्तर त्या नावांत नसते. ते मिळविण्यासाठी एखादी गोष्ट स्वतः करून, बिघडवून, पुन्हा दुरुस्त करून पाहावी लागते. ही संधी केवळ गरिबाच्या मुलाला सक्ती म्हणून किंवा श्रीमंताच्या मुलाला छंद म्हणून न मिळता प्रत्येकाला हक्क म्हणून मिळावी. ती तशी मिळेपर्यंत नावे बदलत राहतील आणि प्रश्न मात्र १९३७चाच राहील.